वेतनस्यानपाकर्म आणि शिरूर-दौंडकडील खाणावळी

धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत सेवकाचें वेतन न देणें हें एक स्वतंत्र पद आहे. मनूनें त्यास वेतनाचें अदान म्हटलें असून नारदानें वेतनस्यानपाकर्म अशी संज्ञा योजिली आहे. ऋणादान, निक्षेप, सीमाविवाद या पदांवर आमच्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. वतनांचे महजर व निवाडपत्रें छापून निघालीं. परंतु वेतनाच्या या पदास त्या मानानें फार थोडी जागा मिळाली. याचें कारण उघड आहे. वतनाचा तंटा मागें कागद ठेवून जातो. आचाऱ्याचा, पाणक्याचा किंवा वाढप्याचा तंटा तोंडीं सुरू होतो व तोंडींच संपतो. पांथस्थांस अन्न व आसरा देण्याच्या धंद्यांत राबणाऱ्या सेवकांविषयीं शास्त्र व कायदा काय सांगत आले, आणि पुणें जिल्ह्यांतील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या रस्त्यांवर त्याचा माग कोणत्या जातीच्या कागदांत लागूं शकेल, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. ज्या वाचकांच्या संग्रहांत पेठेंतील जुन्या वह्यांचे गठ्ठे बांधून पडले आहेत, त्यांस तो विशेष उपयोगी पडावा.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत या धंद्याचीं दोन अंगें दोन निरनिराळ्या अधिकरणांत आलीं आहेत. दुसऱ्या अधिकरणांत नागरिक नांवाच्या अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगतांना मद्य विकणारे, शिजविलेलें मांस विकणारे व शिजविलेला भात विकणारे यांनीं माहितीच्याच माणसास उतरूं द्यावें असा दंडक घातला आहे. धर्मशाळेच्या चालकानेंही आलेल्या पांथस्थाची खबर वर द्यावयाची आहे. म्हणजे उतारू कोण, हें राजास कळलें पाहिजे. त्या उतारूचें पान मांडणारा कोण, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. त्याची दखल तिसऱ्या, म्हणजे धर्मस्थीय अधिकरणांत घेतली आहे. सेवकाशीं झालेला ठराव शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक असावा. ठरलें असेल तें वेतन त्यास मिळावें. कांहींच ठरलें नसेल तर शेतावर राबणाऱ्यास पिकाचा, गुराख्यास तुपाचा व व्यापारांत राबणाऱ्यास मालाचा दहावा हिस्सा द्यावा, असें तेथें आहे. याज्ञवल्क्यानेंही हाच दशांश राजानें देववावा असें सांगितलें, आणि कल्याणीच्या विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्यावर टीका लिहून तो नियम आमच्या महाराष्ट्रांतील व्यवहारापर्यंत आणून पोंचविला.

आतां प्रश्न असा कीं, खाणावळींतील वाढपी कोणत्या वर्गांत घालावा? शिजविलेला भात हेंही पण्यच, म्हणून त्यास विक्रीचा दहावा हिस्सा, असें कोणी म्हणेल. आमच्या मतें तें बरोबर नाहीं. दशांशाच्या वचनानंतर लगेच कौटिल्यानें कारू, शिल्पी, नट, वैद्य, कथा सांगणारे व परिचारक यांचा वर्ग निराळा काढला आहे. त्यांच्यासारखे इतर लोक जें घेतात तें, किंवा जाणते लोक ठरवितील तें वेतन त्यांस मिळावें, असा त्यांचा नियम आहे. परिचारक हा शब्द तेथें स्पष्ट पडला आहे. वाढपी व पाणक्या त्यांतच येतात. १९४८ सालच्या किमान वेतन कायद्यानें मालकांचे, कामकऱ्यांचे व तटस्थ असे तिन्ही प्रकारचे सभासद असलेल्या समित्या नेमून धंदेवार वेतन ठरविण्याची रीत घातली, ती वाचतांना कौटिल्याचे हे जाणते लोक आठवल्यावांचून राहत नाहींत. यावरून आम्हांस ‘सर्व कांहीं पूर्वींच होतें’ म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस कोणी बसवूं नये. वेतन न देणाऱ्या धन्यास कौटिल्यानें सांगितलेला दंड दशांश किंवा सहा पण एवढाच आहे, आणि शास्त्रांत दंड लिहिला म्हणून तो वसूल होत होता असें मानण्याचें कारण नाहीं.

पण त्याच प्रकरणांत एक बारीक गोष्ट आहे, आणि पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे. वेतनाविषयीं वाद पडल्यास साक्षीदारांच्या सांगण्यावर निकाल करावा, आणि साक्षीदार नसतील तर जेथें काम चाललें होतें तेथें जाऊन चौकशी करावी, असें कौटिल्य म्हणतो. म्हणजे शास्त्राचा सारा भर माणसांच्या जाणतेपणावर आहे. गांवांत हें ठीक आहे. कुणब्याच्या सालगड्याचें साल किती ठरलें तें पाराजवळचा प्रत्येक जण सांगेल. परंतु वाटेवरच्या खाणावळीस शेजार नसतो. तेथें जेवणारा रोज निराळा, आणि राबणारा वीस कोसांवरून आलेला. त्याचा ठराव ऐकलेला मनुष्य एकच, तो म्हणजे गल्ल्यावर बसलेला धनी. अशा ठिकाणीं कागद नसेल तर साक्षच नाहीं.

शिरूर व दौंड हीं दोन्हीं ठिकाणें वाटेचीं म्हणूनच वाढलीं. शिरुरास लोक अद्याप घोडनदी याच नांवानें ओळखतात. १८०२ च्या ३१ डिसेंबर रोजीं वसईचा तह झाल्यावर दुसऱ्या बाजीरावाच्या मदतीस म्हणून जी इंग्रजी फौज ठेवली गेली, तिची छावणी घोडनदीच्या कांठीं पडली. कर्नल विल्यम वॉलेस १८०९ सालीं येथेंच वारला. त्याच्या थडग्यास लोक सत्पुरुषाचें स्थान मानून नैवेद्य दाखवीत आले, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असेल. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्रीं कॅप्टन स्टाँटनची तुकडी याच छावणींतून निघाली व दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोरेगांव भीमा येथें पोंचली. लढायांचा इतिहास सांगण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस येथें छावणीमागच्या बाजाराशीं कर्तव्य आहे. कारण जेथें पलटण तेथें भटारी, हलवाई व कलाल आलेच, आणि त्यांच्या हाताखालीं पोरेंसोरें आलीं.

दौंडाची गोष्ट याहून अलीकडची आहे. १८५८ सालीं पुण्याहून पूर्वेस दिक्साळपर्यंत लोहमार्ग झाला व भीमेच्या कांठचें हें गांव त्यावर आलें. १८७८ सालीं मनमाडकडचा फांटा सुरू होऊन तें जंक्शन बनलें. जंक्शन म्हणजे खोळंबा, आणि खोळंबा म्हणजे चहा व जेवण. पुढें मोटारी आल्या, सोलापूरच्या सडकेवर यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ या नाक्यांवर व नगरच्या सडकेवर शिक्रापूर, रांजणगांव येथें भोजनालयांच्या रांगा लागल्या. रांजणगांवास अष्टविनायकाचे यात्रेकरू तर पूर्वींपासूनच येत. त्यांत औद्योगिक वसाहतीचे लोक मिळाले. आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांपैकीं तिघे-चौघे या दोन सडकांवर भोजनगृहें चालवितात, आणि त्यांच्याशीं होणाऱ्या बोलण्यांतूनच या विषयाकडे आमचें लक्ष वेधलें.

या धंद्याचा जुना कागद म्हणजे कीर्द व खतावणी. पेठेंतील हलवायाची किंवा खाणावळवाल्याची कीर्द उघडली तर सेवकाचें नांव तींत सहसा एकाच बाजूस सांपडतें. सणाला घेतलेले पैसे, बहिणीच्या लग्नाची उचल, फुटलेली कपबशी, आजारपणाचें औषध हें सर्व त्याच्या नांवें पडलेलें असतें. त्यानें दिलेली मेहनत मात्र रोजच्या रोज जमेस धरलेली दिसत नाहीं. वर्षाअखेरीस हिशेब होऊन बाकी तेवढी ओढली जाते. म्हणजे कीर्दींत सेवक हा ऋणको आहे. शब्दांचीही यास एक गंमतीची साक्ष आहे. नोकर व चाकर हे शब्द फारसींतून आले, मुशाहिरा व हजिरी अरबीमूलक, पगार पोर्तुगिजांनीं दिला. उचल हा शब्द तेवढा अस्सल घरचा!

पेशव्यांच्या व इतर सरदारांच्या वाड्यांतून मुदपाकखाना व आबदारखाना हे अठरा कारखान्यांत मोडत, आणि तेथील शागीर्दपेशाच्या नेमणुका दप्तरांत लिहिल्या जात. त्यावरून आम जनतेच्या खाणावळींतही तसेंच असेल असें अनुमान करूं नये. दप्तर हें सरकारचें असतें. खाणावळवाल्यास आपली बाकी कळली म्हणजे पुरे.

इंग्रजी अंमलांतील पहिले कायदे सेवकाच्या बाजूचे नव्हते. १८५९ सालच्या तेराव्या कायद्यानें आगाऊ पैसे घेऊन काम टाकून जाणाऱ्या कारागिरास व मजुरास मॅजिस्ट्रेटपुढें नेण्याची सोय केली. पैसे परत करण्याचा किंवा काम पुरें करण्याचा हुकूम त्यानें मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्त कैद होई. खाणावळीच्या चाकरास तो कायदा लागूं पडत होता कीं नाहीं हा वाद बाजूस ठेवूं. त्याची दृष्टि मात्र कीर्दीची आहे. ज्याच्या नांवें उचल तो अपराधी. हा कायदा १९२५ सालीं रद्द करण्याचें ठरलें. मध्यंतरीं त्याच १८५९ च्या आरंभीं बोरघाटांत लोहमार्गाच्या कामावरील मजुरांनीं थकलेल्या मजुरीवरून दंगा केला, आणि पुढील वर्षीं रेल्वे, कालवे वगैरे कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटानें झटपट तोडावे असा नववा कायदा झाला. ज्या मार्गानें दौंडास गाडी आली त्याच मार्गाच्या घाटांतून हा कायदा निघाला, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. तेथेंही मजुरी थकली ती पोटमक्त्यांच्या साखळींत.

१८६७ सालच्या सराईच्या कायद्यानें सराई चालविणाऱ्यास मॅजिस्ट्रेटकडे नोंद करावयास लाविलें. खोल्या व विहिरी स्वच्छ ठेवाव्या, दरपत्रक लावावें, हुकूम झाल्यास पहारेकरी ठेवावे, असें त्यांत आहे. पहारेकऱ्यास पगार काय व केव्हां द्यावा याविषयीं अक्षर नाहीं. कौटिल्याच्या दुसऱ्या अधिकरणाचेंच हें इंग्रजी रूप होय.

खरा पालट १९३९ सालीं झाला. मुंबई इलाख्यानें दुकानें व संस्था यांच्याविषयीं जो कायदा त्या सालीं केला तो हिंदुस्थानांतील या जातीचा पहिला. १९४० च्या १५ नोव्हेंबरपासून तो अमलांत आला. त्याची जागा १९४८ च्या कायद्यानें घेतली व तो १९४९ च्या ११ जानेवारीपासून सुरू झाला. प्रथम मोठीं शहरें व पुढें अधिसूचनांनीं लहान गांवें असा त्याचा विस्तार होत गेला. निवासी हॉटेल, उपाहारगृह व खाणावळ यांस त्यांत स्वतंत्र प्रकरण आहे. दिवसाचें काम नऊ तास. विसाव्यासकट सर्व पसारा चौदा तासांच्या आंत. आठवड्यास एक सुटी. आणि प्रत्येक सेवकास मालकानें द्यावयाचें ओळखपत्र. दुकानदाराच्या नोकरास ज्या ओळखपत्राची गरज कायद्यास वाटली नाहीं, ती हॉटेलच्या पोऱ्याविषयीं वाटली, यांतच त्या धंद्यांतील माणसाचें निनांवीपण दिसून येतें. निरीक्षकानें मागितल्यास तें दाखवावयाचें. साक्षीदार नसतील तर कामाच्या जागीं जाऊन विचारावें, हें कौटिल्याचें वचन येथें दुकानें-निरीक्षकाच्या रूपानें उभें राहिलें.

या कायद्यानें जो नवा कागद निर्माण केला तो हजेरीपट. त्यांत नांव, वय, नोकरीस लागल्याची तारीख, कामाचे तास, सुटीचा वार आणि महिन्याच्या प्रत्येक दिवसाचें घर. हजर असेल तर ‘ह’, नसेल तर ‘गै’. त्याच्या जोडीस पगारपत्रक. ज्या चाकराचा दिवस पूर्वीं कोठेंच लिहिला जात नव्हता, त्याचा प्रत्येक दिवस आतां मालकाच्याच हातानें लिहिला जाऊं लागला. कीर्दींतला ऋणको हजेरीपटांत धनको झाला. आमच्या समजुतीप्रमाणें या धंद्याच्या इतिहासांत याहून मोठी घटना नाहीं, आणि ती घडली ती कोठल्याही घोषणेनें नव्हे, वहीवर आडव्या-उभ्या रेघा पडल्यानें.

येथें जेवणाचा प्रश्न येतो, आणि तो जरा विस्तारानें पाहिला पाहिजे. कारण या धंद्यांतील निम्मी भांडणें त्यावरून होतात. खाणावळींतील सेवक तेथेंच जेवतो व पुष्कळदां तेथेंच निजतो. धनी म्हणतो, अन्न-वस्त्र-आसरा दिला, वर पगार काय मागतोस? अन्नवस्त्रावर चाकरी ही जुनी रीत खरीच, व सरदारांकडील नेमणुकींतही शिधा असे. परंतु तेथें शिधा निराळा लिहिलेला, नक्त नेमणूक निराळी लिहिलेली. एकानें दुसरी गिळावयाची नाहीं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यानें वेतन रोख द्यावें असें ठरवून, जेथें वस्तुरूपानें देण्याची वहिवाट असेल तेथें सरकारच्या परवानगीनेंच तसें करावें असें म्हटलें. २०१९ सालच्या वेतन संहितेंत वेतनाऐवजीं वस्तुरूपानें दिलेल्या मोबदल्याची किंमत एकंदर वेतनाच्या शेंकडा १५ पर्यंतच वेतनांत धरावी असें आहे. तेव्हां भाकरीच्या हिशेबांत सारा पगार बुडविणाऱ्या धन्यास शास्त्राचाही आधार नाहीं व संहितेचाही नाहीं. या दोन सडकांवर असा हिशेब आजही तोंडीं केला जातो हें आम्हांस ठाऊक आहे.

फुटलेल्या पेल्यांचें प्रकरणही असेंच जुनें आहे. माल वाहणाऱ्याच्या हातून तो नष्ट झाला तर त्यानें भरून द्यावा, मात्र दैवानें किंवा राजाकडून नाश झाला असेल तर नव्हे, असें याज्ञवल्क्य सांगतो. १९३६ सालच्या वेतन देण्याच्या कायद्यानें, जो प्रथम कारखाने व रेल्वे यांच्यासाठीं होता, नुकसानीबद्दल कपात करण्यापूर्वीं सेवकाचें म्हणणें ऐकून घ्यावें असें घातलें; आणि दंडाची मर्यादा रुपयास अर्धा आणा ठेवली. हा अर्धा आणा पुढें शेंकडा ३ झाला, व तोच वेतन संहितेंतही आहे. सर्व कपाती मिळून निम्म्या वेतनाच्या वर जातां कामा नयेत. दंडाची रक्कम सेवकांच्याच हिताकडे लावावयाची असून तिची नोंद ठेवावी लागते. जुन्या संग्रहांत एखादी दंडाची वही मिळाली तर ती टाकून देऊं नये. कोणत्या चुकीस किती दंड हें तींतच कळावयाचें.

आतां मक्त्याचा विषय. आमच्याकडे मक्ता व इजारा हे शब्द जुने आहेत. सरकारनें एखादें उत्पन्न ठराविक रकमेस दुसऱ्यास लावून द्यावें, त्यानें आपलीं माणसें ठेवून तें वसूल करावें, व त्या माणसांच्या पोटापाण्याशीं सरकारचा संबंध नसावा, अशी ही पद्धत. हल्लींच्या व्यापारांत जिला फ्रँचायझी म्हणतात ती याच जातीची असून आम्ही तिला नाममक्ता म्हणतों. मूळ घराचें नांव, पाटी, पाककृति व मसाला. जागा, भांडवल व नोकर मक्तेदाराचे. आरंभीं एक रक्कम व पुढें विक्रीवर हिस्सा. अमृततुल्य चहाचीं अशीं दुकानें गेल्या दहा वर्षांत पुण्यापासून तालुक्याच्या गांवांपर्यंत पसरलीं. एकाच पाटीखालीं दहा गांवीं दहा मक्तेदार असतात, आणि पगार थकला म्हणजे पोऱ्यास पाटीकडे बोट दाखवावें कीं गल्ल्याकडे, हें समजत नाहीं.

या प्रश्नास न्यायालयांनीं दिलेलें उत्तर एका वाक्यांत सांगतां येत नाहीं. १९७८ सालीं केरळांतील एका दोरखंडाच्या कारखान्याच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें कागदावरील कंत्राटदाराचा पडदा बाजूस सारून, सेवकाच्या पोटाची दोरी ज्याच्या हातीं तोच खरा धनी असें ठरविलें. १९९० सालीं एम. एम. आर. खान यांच्या दाव्यांत रेल्वेच्या कायद्यानें आवश्यक व मान्यताप्राप्त उपाहारगृहांतील सेवक हे रेल्वेचेच नोकर होत असा निकाल झाला. दौंडासारख्या रेल्वेच्या गांवीं त्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. कारखान्यांतील उपाहारगृहांविषयीं १९९५ सालीं आयुर्विमा महामंडळाच्या दाव्यांत न्यायालय सेवकांच्या बाजूस बरेंच झुकलें, पण १९९९ सालीं इंडियन पेट्रोकेमिकल्सच्या दाव्यांत त्यानें मर्यादा घातली: कायद्यानें बंधनकारक असलेल्या उपाहारगृहाचा सेवक कारखाने कायद्यापुरता कारखान्याचा, सर्वच बाबतींत नव्हे. रांजणगांव व कुरकुंभ येथील वसाहतींत भोजनाचे मक्ते घेणाऱ्यांनीं हे दोन्ही निकाल एकत्र वाचावेत. एकच वाचला तर फसगत होईल.

नाममक्त्यास याहून जवळचें कलम वेतन संहितेंत आहे. ज्यानें नोकर ठेवला त्यानें वेतन द्यावें. त्यानें न दिलें तर ज्या कंपनीची, पेढीची किंवा व्यक्तीची ती संस्था असेल तिजवर तें देणें येतें. नांवाचा धनी हा त्या दुकानाचा धनी होतो कीं नाहीं, हें करारपत्रावरून व प्रत्यक्ष कारभार कोण चालवितो यावरूनच ठरेल. नुसत्या पाटीवरून ठरणार नाहीं, आणि ‘नोकर सर्वस्वीं मक्तेदाराचे’ एवढें एक वाक्य करारांत घातल्यानेंही सुटका होईलच असें नाहीं. मक्तेदारानें मात्र एक ओळखून असावें कीं, पहिलें देणें त्याचेंच.

संख्येचा प्रकार थोडक्यांत सांगतों. दहा सेवक झाले कीं उपदान व राज्य विमा, वीस झाले कीं भविष्यनिर्वाह निधि, असे टप्पे आहेत; आणि निधीच्या कामीं एकाच संस्थेच्या शाखा निरनिराळ्या गांवीं असल्या तरी एकत्र मोजल्या जातात. एका स्वयंपाकघरास दोन पाट्या लावून नऊ-नऊ माणसें दाखविण्याची युक्ति म्हणूनच फार काळ टिकत नाहीं. चौदा वर्षांखालील मुलांस धाबे, चहाचीं दुकानें व हॉटेलें यांत ठेवण्यास २००६ च्या १० ऑक्टोबरपासून बंदी आली, व २०१६ च्या दुरुस्तीनें ती सर्वच धंद्यांस लागूं झाली. सडकेवरच्या टेबलावर फडकें मारणारा ‘बारक्या’ हें दृश्य तरीही समूळ गेलेलें नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. १९४८ चा मुंबईचा कायदा जाऊन त्याच्या जागीं महाराष्ट्राचा २०१७ सालचा कायदा १९ डिसेंबर २०१७ पासून आला. दहांहून कमी सेवक असतील तर नोंदणी नको, नुसती सूचना पुरे, असें त्यानें ठरविलें, आणि वह्या यंत्रावर ठेवण्यास मोकळीक दिली. २०२५ सालीं वटहुकुमानें दहाचे वीस झाले व दिवसाचे नऊ तास दहा झाले. आमच्या दोन तालुक्यांतील चहाचीं दुकानें व भोजनालयें यांतील बहुतेकांत वीस माणसें नसतात. म्हणजे ज्या ठिकाणीं शेजार नाहीं व साक्ष नाहीं, नेमक्या त्याच ठिकाणची आडवी-उभी रेघ पुसट झाली. यानें मालकांचें ओझें हलकें झालें हें खरें, आणि लहान दुकानदारास निरीक्षकाचा जो जाच होई त्याची बाजू आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ‘आतां वही नको’ असा जो समज पसरला आहे तो अर्धवट आहे.

कारण २०२५ च्या २१ नोव्हेंबरपासून चारही श्रमसंहिता अमलांत आल्या असून वेतन संहितेस संख्येची अट नाहीं. पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आंत पगार, काम सोडल्यास किंवा काढल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब, आणि पगाराची चिठ्ठी. सुरक्षाविषयक संहितेंत नेमणूकपत्र द्यावयाचें आहे. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पगार मिळाला नाहीं किंवा कमी मिळाला असा सेवकानें तीन वर्षांच्या आंत दावा केला, तर तो दिल्याचें सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. सेवकानें कांहीं दाखवावयाचें नाहीं, धन्यानें दाखवावयाचें. वेतन ठरविल्याशिवाय काम करवून घेणाऱ्याकडून राजानें दशांश देववावा, हें याज्ञवल्क्याचें वचन ज्या विचारानें निघालें त्याच विचाराचा हा नियम आहे: अस्पष्टतेची तूट धन्याच्या पदरीं. चौफुल्याकडील आमच्या एका विद्यार्थ्यानें वही बंद केल्याचें मोठ्या समाधानानें सांगितलें, तेव्हां आम्हीं त्यास एवढेंच म्हटलें कीं, तुझा एकुलता एक साक्षीदार तूं घालवून बसलास. दुसऱ्याच महिन्यापासून त्यानें ती पुन्हां सुरू केली. सध्यां त्याच्याकडे अकरा माणसें आहेत.

संग्राहकांचें काम येथून पुढें. १९४९ पासून २०१७ पर्यंतच्या सुमारें सत्तर वर्षांतील हजेरीपट, पगारपत्रकें व दंडाच्या वह्या या कायद्याच्या दृष्टीनें आतां निरुपयोगी ठरल्या असून दुकानांची आवराआवर होतांना रद्दीच्या भावानें जात आहेत. मोडी कीर्द कोणीही जपतो. रेघांची छापील वही कोणास जुनी वाटत नाहीं. परंतु कोणत्या दशकांत खाणावळींत कोणत्या गांवचीं माणसें आलीं, दुष्काळाच्या सालीं किती वाढलीं, आषाढींत किती ‘गै’ पडले, मुलांचीं वयें सोळा-सोळा अशीं एकसारखीं कोठें लिहिलीं गेलीं, हें सर्व त्याच वहींत आहे. शेवटच्या बाबतींत अर्थात् सावध राहिलें पाहिजे. निरीक्षकासाठीं लिहिलेली वही व खरी वही यांत फरक असतो, आणि त्याच दुकानाची कीर्द हातीं असेल तर दोन्हीं ताडून पाहावीं. उचलीच्या तारखा हजेरीच्या तारखांशीं जुळल्या तर वही बहुधा खरी समजावी.

वही मिळाली म्हणजे दुकान कोणत्या सडकेवर, कोणत्या नाक्यावर व कोणत्या सालचें तें प्रथम पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूस लिहावें. हयात माणसांचीं नांवें छापूं नयेत. गांव व वय एवढें पुरे होतें. आणि एक विशेष विनंती तिकिटांच्या संग्राहकांस आहे. पगारपत्रकांतील रसीदी तिकिटें भिजवून सोडवून घेण्याची पुष्कळांस हौस असते. ज्यास लिहितां येत नव्हतें त्या सेवकाचा अंगठा अर्धा कागदावर व अर्धा त्या तिकिटावर उमटलेला असतो. तिकीट निघालें कीं तो निम्मा जातो.